वाचलेली मिनिटं पेशंटची आहेत : पुण्यातल्या रुग्णालयांना एक खुलं पत्र

प्रति,
पुणे शहरातील रुग्णालयांचे विश्वस्त व व्यवस्थापक, रेडिओलॉजी विभागांचे प्रमुख,
आणि पुणे महानगरपालिकेचा आरोग्य विभाग यांस,

स. न. वि. वि.

मी एम.आर.आय. टेक्नॉलॉजिस्ट आहे. पुण्यातच तीन ठिकाणी मिळून एकवीस वर्षं काचेच्या अलीकडे कन्सोलवर बसते. मशीनमध्ये जाण्याआधी तुम्हाला पिना काढायला लावणारी, कानात इअरप्लग घालणारी आणि ‘अजिबात हलू नका हं’ असं शंभरदा सांगणारी जी बाई असते, ती मी. रिपोर्टवर आमचं नाव नसतं आणि खरेदीच्या बैठकीलाही आम्हाला बोलावत नाहीत. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या समोर लिहिते आहे.

सध्या शहरात बऱ्याच ठिकाणी जुनी मशीन बदलून नवी घ्यायचा विचार चालला आहे. कोटेशन आलं की पहिला प्रश्न विचारला जातो, ‘दिवसाला किती पेशंट निघतील?’ प्रश्न चुकीचा नाही, कर्जाचे हप्ते कुणाला चुकत नाहीत. पण नवं मशीन जी मिनिटं वाचवणार आहे, त्यांचं करायचं काय, हे मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मला त्याबद्दलच बोलायचं आहे, आणि तेही मेंदूच्या रक्तवाहिन्यांपुरतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण हे कुठेही घडलं असतं. संध्याकाळी साडेसातला जुन्नर तालुक्यातली एक बाळंतीण आली. सिझेरियन होऊन अकरावा दिवस. डोक्याला स्कार्फ घट्ट आवळलेला, कानांत कापूस. चार दिवस डोकं ठणकत होतं. गावाकडे कुणी सांगितलं, कमरेत भूल दिली होती त्याचं दुखणं आहे, आपोआप जाईल. सासूबाईंचं म्हणणं, वारं लागलं असणार. बाळंतिणीला पाणी सोसत नाही म्हणून पाणीही बेतानंच चाललं होतं. मी तिला अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्राला अडकवलेल्या, पदराच्या, बांगडीतल्या पिना सासूबाईंनी एकेक करून रुमालात मोजून ठेवल्या. सात निघाल्या.

चिठ्ठीवर ‘एम.आर.आय. ब्रेन, प्लेन’ लिहिलं होतं. काउंटरवर तिच्या नवऱ्याला तीन आकडे सांगितले गेले : ब्रेनचे इतके, धमन्यांच्या अँजिओचे आणखी इतके, शिरांच्या व्हेनोचे आणखी इतके. त्यानं पहिला आकडा भरला. कुणीही तोच भरला असता.

तिला उताणं पडवत नव्हतं. टाके ओढत होते, दूध दाटलं होतं. एकेक सिक्वेन्स, म्हणजे एका प्रकारच्या चित्रांचा एक फेरा, चार-चार मिनिटांचा. तिसऱ्या मिनिटाला ती कळवळून हलायची आणि तो सिक्वेन्स वाया जायचा. तीनदा तिनं हातातला बझर दाबला. शेवटी जी चित्रं मिळाली त्यांच्यावर कवटीच्या कडा सावल्यासारख्या दोन-दोनदा उमटलेल्या. व्हेनोचा सिक्वेन्स माझ्या समोरच्या यादीत तीनच ओळी खाली होता. त्याला रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते इंजेक्शन लागणार नव्हतं. सहा मिनिटं मात्र लागणार होती. पैसे भरलेले नव्हते, बाहेर चार पेशंट ताटकळत होते, आणि ती ‘बास, मला काढा’ म्हणत होती. मी तो केला नाही.

रिपोर्ट आला : हालचालीमुळे चित्रं अस्पष्ट, ठळक दोष दिसत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला फिट आली आणि ती परत आली. आता व्हेनो झाली. टाळूखालून मधोमध मागे जाणारी जी मोठी शीर असते, सुपिरिअर सॅजिटल सायनस, ती व्हेनोत पांढऱ्या जाड दोरीसारखी दिसते. तिथे काळं होतं. रक्ताची गुठळी धरली होती. रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली, ती वाचली. उजव्या हाताची पकड मात्र पूर्ण परत आली नाही. फॉलो-अपला आली तेव्हा बाळाला डाव्या कडेवर घेऊन होती.

या घटनेत दहा जणांच्या दहा गोष्टी राहून गेल्या असतील. मला माझी तेवढी ठाऊक आहे, ती सहा मिनिटांची आहे.

आता ही सहा मिनिटं लागतात कशाला, ते सांगते. विश्वस्त मंडळींत डॉक्टर थोडे आणि हिशेब पाहणारे जास्त असतात, म्हणून सोपं करून लिहिते.

एम.आर.आय. कॅमेऱ्यासारखा फोटो काढत नाही. डोक्यातल्या पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजनचे अणू चुंबकात जो रेडिओ लहरींचा प्रतिसाद देतात, तो आम्ही ओळीओळीनं गोळा करतो. अशा दोनेकशे ओळी भरल्या की गणितानं त्यांचं चित्र होतं. हे फूरिए गणित एम.आर.आय.ला जोडणाऱ्या 1975 सालच्या मूळ निबंधावर पहिलं नाव अनिल कुमार या भारतीय शास्त्रज्ञाचं आहे. झुरिचला रिचर्ड अर्न्स्ट यांच्याबरोबर त्यांनी ते काम केलं होतं. अर्न्स्ट यांना पुढे 1991 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तर, एक ओळ भरायची, थांबायचं, पुढची भरायची. या थांबण्यातच सगळा वेळ जातो, आणि तेवढ्यात माणूस हलला की सगळ्या ओळी बिघडतात.

वेग वाढवायच्या वाटा तिथूनच निघाल्या. पीटर मॅन्सफिल्ड यांनी 1977 साली एकाच दमात सगळ्या ओळी वाचायची युक्ती मांडली. मेंदूच्या ताज्या झटक्याच्या, म्हणजे पक्षाघाताच्या, पेशंटचं डिफ्युजन, म्हणजे रक्त न मिळालेला भाग दाखवणारं चित्र, आज मिनिटभरात होतं, ते त्या युक्तीवर. दुसरी वाट कॉइलची. डोक्याभोवती जो पिंजरा लावतो, त्यात आठ, सोळा, बत्तीस असे छोटे अँटेना असतात. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर चार बाल्कन्यांत चार माणसं उभी केली, तर प्रत्येकाला आपल्या खालचं ढोल-ताशा पथक मोठ्यानं ऐकू येतं आणि लांबचं दबकं. चौघांचं ऐकणं एकत्र केलं की कुठलं पथक कुठे आहे हे न बघताही सांगता येतं. कॉइलचे ‘कान’ तसेच आपापल्या बाजूचं जास्त ऐकतात. म्हणून मधल्या ओळी गाळल्या तरी चालतं, उरलेल्या माहितीवरून त्या भरून काढता येतात. या पद्धती 1999 आणि 2002 सालापासून आहेत, आणि आज बहुतेक मशीनमध्ये त्या असतातच.

तिसरी वाट मला सगळ्यांत जवळची वाटते, आणि ती कळायला मला खोडदला जावं लागलं. नारायणगावजवळच्या जी.एम.आर.टी. या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या विज्ञान दिनाला लोकांना पाहायला खुल्या असतात. भाच्याला घेऊन गेले होते. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. तिथल्या एका मुलीनं समजावलं की कुठल्याही दोन तबकड्यांची जोडी आकाशाच्या चित्राचा एक ठिपका मोजते, तोही थेट चित्राचा नाही, त्याच्या फूरिए रूपाचा. तीस तबकड्यांच्या 435 जोड्या होतात. पृथ्वी फिरते तसे ठिपके सरकत जातात, तरी कागद पूर्ण भरत नाही. उरलेल्या मोकळ्या जागा गणितानं सोडवायच्या. ते जमतं, कारण आकाश बहुतेक काळंच असतं, उजेडाचे ठिपके मोजके. मी तिथेच उभी राहिले. आमच्या कन्सोलवरच्या अँजिओचंही तसंच आहे. काळा पडदा, आणि त्यावर थोड्या पांढऱ्या रेघा.

2007 साली लस्टिग, डोनोहो आणि पॉली या संशोधकांनी एम.आर.आय.साठी हीच गोष्ट नीट मांडली. तिला कॉम्प्रेस्ड सेन्सिंग म्हणतात. चित्रात मुळात फार थोडी माहिती असेल, तर सगळ्या ओळी भरायची गरज नाही. ठरावीक अंतरानं गाळल्या तर चित्रावर खोट्या प्रतिमा उमटतात, वाटेल तशा गाळल्या तर नुसती खरखर येते, आणि खरखर गणितानं पुसता येते. याचा सर्वांत जास्त फायदा रक्तवाहिन्यांच्या चित्राला होतो, कारण ते चित्र आधीच जवळजवळ रिकामं असतं. मेंदूच्या पोताच्या चित्राला इतका होत नाही. म्हणजे सगळ्या तपासण्यांमध्ये जी सर्वांत सहज लवकर उरकता येते, तीच आपल्या दरपत्रकावर सगळ्यात शेवटी, ‘जादा’ म्हणून येते.

माझ्या आत्ताच्या ठिकाणी नवं मशीन आहे. धमन्यांचा टी.ओ.एफ. सिक्वेन्स, ज्यात आजूबाजूचा स्थिर भाग लागोपाठच्या लहरींनी गप्प करतात आणि आत शिरणारं ताजं रक्त चमकतं, तो पूर्वी साडेसहा मिनिटांचा होता. आता अडीच मिनिटांत होतो. शिरांचाही तितक्यातच उरकतो. दोन्हींना इंजेक्शन नाही, सुई नाही, किडनीची काळजी नाही. जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी अँजिओ म्हटलं की निम्मे पेशंट उठून बसायचे.

लहान मुलांच्या बाबतीत तर फरक डोळ्यांदेखत दिसतो. सात वर्षांचा एक मुलगा आला होता. आई म्हणाली, शिट्टी वाजवताना, फुगा फुगवताना त्याचा हात मिनिटभर लुळा पडतो. मोयामोयाची शंका होती. त्या आजारात मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य धमन्या हळूहळू अरुंद होतात, आणि जोरात श्वास सोडला की रक्तपुरवठा आणखी कमी होतो. एरवी अशा मुलाला भूल द्यावी लागते. म्हणजे सकाळपासून उपाशी ठेवायचं, भूलतज्ज्ञांच्या वारासाठी थांबायचं. त्यातून या आजारात भुलेत रक्तदाब खाली गेला तर धोका वेगळाच. मी त्याला म्हटलं, आपण ‘स्टॅच्यू’ खेळू या. माइकवरून ‘स्टॅच्यू’ म्हणायचे, दोन-अडीच मिनिटांनी ‘ओव्हर’. मध्ये त्यानं नाक खाजवलं, आईला हात केला, आणि पुन्हा पुतळा झाला. सात पुतळ्यांत सगळं झालं, अँजिओही. साडेसहा मिनिटांचा पुतळा सात वर्षांच्या मुलाला जमत नाही. मोठ्यांनाही जमत नाही, पण मोठी माणसं ते बोलून दाखवत नाहीत.

झटक्याच्या पेशंटबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे. मोठी धमनी बंद झाली की दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब मांडलेला आहे. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साधारणपणे साडेचार तासांची मर्यादा. झोपेतून उठल्यावर झटका लक्षात आला तर कधी आला ते कळत नाही, तिथे एम.आर.आय.च दोन चित्रांमधला फरक दाखवून निर्णय देतो. या कामासाठी सहा मिनिटांचे प्रोटोकॉल, म्हणजे सिक्वेन्सच्या ठरलेल्या याद्या, दहा वर्षांपूर्वीच छापून आले आहेत. तरी रात्री अकराला आलेल्या पेशंटवर नेहमीचा वीस-पंचवीस मिनिटांचा पूर्ण प्रोटोकॉल चालवलेला मी पाहिला आहे, कारण मशीनमध्ये छोटा प्रोटोकॉल कुणी तयारच करून ठेवला नव्हता.

वेगाचं सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. ओळी गाळल्या की खरखर वाढते, हा निसर्गाचा नियम आहे, कुठल्याही कंपनीचा माणूस काहीही सांगो. फार ताणलं की टोकाच्या बारीक धमन्या पुसट होतात. तीन मिलिमीटरहून लहान फुगवटा, ज्याला अन्युरिझम म्हणतात, तो निसटू शकतो. टी.ओ.एफ.मध्ये संथ वाहणारं रक्त नीट चमकत नाही. आता ए.आय.नं चित्र गुळगुळीत करायची पद्धत आली आहे. चित्र फार देखणं येतं, पण देखणं आणि खरं यांत फरक असू शकतो, म्हणून मूळ चित्रं रेडिओलॉजिस्टसमोर ठेवलीच पाहिजेत. ए.व्ही.एम. म्हणजे धमन्या थेट शिरांना जोडल्या जाऊन झालेलं गुंतवळ. तिथे रक्त कुठून आत येतं आणि किती लवकर शिरेत उतरतं हे पाहायला क्षणाक्षणाची चित्रं घेणारा वेगळा सिक्वेन्स लागतो. शेवटचा शब्द अजूनही मांडीतून नळी घालून केलेल्या डी.एस.ए.चा, म्हणजे एक्स-रेवरच्या अँजिओग्राफीचाच. पण डी.एस.ए.पर्यंत कुणाला पाठवायचं, हे ठरवणारी पहिली चाळणी आमच्या खोलीत आहे. चाळणीच नाही लावली, तर पुढचं सगळं बाजूलाच राहतं.

तर माझं मागणं असं. नव्या मशीनमुळे एका ब्रेनमागे दहा-बारा मिनिटं वाचतात. ती सगळी पुढच्या पेशंटच्या नावावर लिहू नका. त्यातली पाच मिनिटं आत झोपलेल्याच माणसाच्या डोक्यातल्या धमन्या आणि शिरा पाहायला द्या. अचानक आलेली जीवघेणी डोकेदुखी, पहिल्यांदाच आलेली फिट, बाळंतीण, गर्भनिरोधक गोळ्या घेणारी बाई, तरुण वयातला झटका, यांच्या ब्रेनमध्ये अँजिओ आणि व्हेनो धरलेलीच असावी. वेगळी चिठ्ठी नको, वेगळी पावती नको. सहा मिनिटं लागत होती आणि मशीन अडून राहत होतं, तोवर वेगळे पैसे घेण्याला काही कारण तरी होतं. अडीच मिनिटांना ते उरत नाही. आणि सहीचा कागद हातात धरून उभ्या असलेल्या नवऱ्याला काउंटरवर तीन आकडे सांगून ‘यातलं काय करायचं ते तुम्ही ठरवा’ असं विचारणं थांबवा. त्यानं ते कशाच्या जोरावर ठरवावं?

खरेदी करताना कॉम्प्रेस्ड सेन्सिंगचं लायसन्स आणि डोक्याची सोळा-बत्तीस चॅनेलची, म्हणजे तेवढ्या अँटेनांची, कॉइल मूळ किमतीतच मागून घ्या. हे दोन्ही ‘ऑप्शन’ म्हणून यादीत शेवटी असतात आणि घासाघीस सुरू झाली की सर्वांत आधी यांच्यावर काट मारली जाते. मग चुंबक नवंकोरं येतं आणि स्कॅन मात्र जुन्याच वेगानं चालतो. महापालिकेची किंवा सरकारी तपासणी केंद्रं जिथे भागीदारीत चालतात, तिथे रोजच्या पेशंटच्या आकड्याबरोबर कोणते सिक्वेन्स झालेच पाहिजेत हेही करारात लिहा. करारात लिहिलेलं नसेल, तर रात्री साडेसातला, बाहेर चार पेशंट असताना, माझ्यासारखी कुणी ते करणार नाही. मी केलं नव्हतं.

आणि आम्हाला शिकवा. मशीन बसवायला कंपनीचा माणूस येतो, दोन-तीन दिवस दाखवतो, जातो. त्या दिवसांत जी सकाळच्या पाळीला असते ती शिकते. रात्रपाळीचा मुलगा तिच्याकडून ऐकीव शिकतो, आणि झटक्याचे पेशंट तर रात्रीही येतात. वर्षातून दोन दिवस सगळ्या पाळ्यांना एकत्र बसवून रेडिओलॉजिस्टनं ‘हे चित्र का चुकलं’ एवढं दाखवलं तरी पुष्कळ होईल. मी स्वतः शिकवायला तयार आहे, त्याचे पैसे नकोत.

खरेदी समितीतल्या कुणालाही माझं म्हणणं पडताळून पाहायचं असेल, तर एक संध्याकाळ आपापल्या रुग्णालयातल्या टेक्नॉलॉजिस्टशेजारी कन्सोलवर येऊन बसा. घड्याळ लावा. ब्रेनला किती मिनिटं लागली ते लिहा, त्यात पेशंट किती वेळा हलला ते लिहा, आणि अँजिओ-व्हेनो झाली नसेल तर ती का झाली नाही, हे त्या टेक्नॉलॉजिस्टला विचारा. तिथे बाहेरचं कुणी नसेल तर ती तुम्हाला खरं सांगेल.

ती बाळंतीण दर वर्षी संक्रांतीला मला फोन करते. मूल आता अंगणवाडीत जातं. या वेळी तिनं विचारलं, ‘मॅडम, धाकट्या जावेचे दिवस भरत आलेत. तिचं डोकं दुखलं तर कुठली तपासणी सांगू?’ मी तिला तपासणीचं नाव सांगितलं आणि कागदावर लिहून घ्यायला लावलं. डाव्या हातानं लिहीत होती, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

आपली,
एक एम.आर.आय. टेक्नॉलॉजिस्ट, पुणे